पाटाचे पाणी आणि थोरली बहीण

पूर्वी गोदावरीकाठच्या एका नगरात सुदंत नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. त्याचे नाव पुण्यक. आई लवकर वारल्याने थोरल्या बहिणीने, भद्रिकेने, त्याला वाढवले होते.

राजाने नदीला बांध घालून शेतीसाठी पाट काढला. पाणी फुकट होते. पाटाच्या तोंडाशी शेते असलेले लोक ऊस लावून अखंड पाणी घेत आणि शेवटच्या गावात ओलही पोचत नसे.

राजा म्हणाला, "जो जास्त सोने देईल त्याला पाणी द्यावे. कोष भरेल."

"कोष भरेल महाराज, पण शेवटचे गाव उठून जाईल," बोधिसत्त्व म्हणाला. त्याने निराळे मोल ठरवले. ज्याचे पीक जितके पाणी पिईल, तितके धान्य त्याने सुगीला द्यावे. पोटापुरते पिकवणाऱ्याने मूठभर दिले तरी चालेल. त्या धान्यावर पाटातला गाळ काढणाऱ्यांचे पोट भरावे. आणि पाण्याची पाळी शेवटच्या गावापासून सुरू व्हावी.

सर्वांत मोठा ऊस भद्रिकेचाच होता. शेवटच्या गावाची पाळी आली म्हणून तिच्या शेताचे बारे, म्हणजे पाटातून पाणी घ्यायची वाट, बुजवायला माणसे आली, तेव्हा ती बाऱ्यावरच ठाण मांडून बसली. शेवटी बोधिसत्त्व स्वतः गेला.

"पुण्यका, तुला न्हाऊमाखू घातले, ते काय मोल लावून?"

"नाही अक्का. तुझे ऋण फिटायचे नाही. पण ते दुसऱ्याच्या पाण्याने कसे फेडू? जरा माझ्याबरोबर चल."

पाटाच्या शेवटी सामा नावाची बाई हिरवी साळ कापत होती. पाहुणे दिसताच तिने घागरीतले पाणी पुढे केले. "उन्हातून आलात, आधी पाणी घ्या."

"कुठून आणलेस?" भद्रिकेने विचारले.

"नदीवरून. पहाटे गेले होते."

"आणि साळ का कापतेस? दाणा भरला नाही अजून."

"कशाने भरणार, आई? निदान गाय तरी खाईल."

भद्रिकेने एकच घोट घेतला. परतल्यावर तिने आपल्या हातांनी चिखल लावून बारे बुजवले. मग भावाकडे पाहून म्हणाली, "किती वाळलास रे! चल, जेवून जा."

त्या वर्षी तिचा निम्मा ऊस गेला, आणि सामाच्या उरलेल्या साळीत दाणा भरला.

पूर्वजन्मीची ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "तो राजा म्हणजे आजचा आनंद. सामा ती उत्पलवर्णा. भद्रिका ही मला वाढवणारी माझी मावशी महाप्रजापती गौतमी, आणि तो अमात्य मी. जिवाच्या माणसावरची माया जराही कमी न करता सर्वांना सारखे लेखणे, यालाच उपेक्षा पारमिता म्हणतात."