ढालींचे छत

पूर्वी कुंदनगरात वीरबाहू राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्मला होता. शेजारच्या राज्याशी युद्ध पेटले, तेव्हा युद्धकैद्यांच्या शुश्रूषेसाठी राजाने त्याला लष्करी बंदिशाळेत नुकतेच नेमले होते.

त्या बंदिशाळेत रोहक नावाचा पहारेकरी होता. कैद्यांना भर उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी उभे करायचे, कोणी खाली बसला की दंडुका हाणून उठवायचे, हे त्याचे काम. पहिले काही दिवस त्याला घास गिळवेना. पुढे गिळवू लागला.

एकदा एक म्हातारा धनुर्धर फरशीवर कोसळला. बंदिशाळेचा प्रमुख कुलिक याने वैद्याला बोलावले.

"नाडी पाहा आणि सांग, हा आणखी किती सोसेल? शत्रूच्या वाटा सांगण्याआधी मरायला नको."

बोधिसत्त्वाने म्हाताऱ्याला उचलून सावलीत निजवले. मग वहाणा काढून तो स्वतः फरशीवर उभा राहिला.

"स्वामी, माणसाला किती छळता येईल, हे माझी विद्या सांगत नाही. जाणायचेच असेल, तर या देहावर जाणून घ्या."

कुलिक हसला. "उभा राहू दे. रोहका, बसला तर हाण."

सूर्य डोक्यावर आला. वैद्याच्या तळव्यांना फोड आले, ओठ फाटले. शेवटी त्याचा गुडघा लचकला. रोहकाने दंडुका उगारला.

वैद्य हळूच म्हणाला, "बाबा रे, तुझा हात किती कापतोय!"

रोहकाने आपल्या हाताकडे पाहिले. मार खाण्याच्या क्षणी हा माणूस आपल्या हाताची काळजी करतो आहे! त्याने दंडुका टाकला, पाठीवरची ढाल काढली आणि वैद्याच्या डोक्यावर धरली.

"धरा रे त्याला!" कुलिक गरजला.

दुसरा पहारेकरी पुढे आला, तो ढाल उचलूनच. मग तिसरा आला. पाहता पाहता साऱ्या कैद्यांवर ढालींचे छत झाले. उन्हात एकटा कुलिक राहिला.

त्याने राजाकडे धाव घेतली. राजा आला, त्याने फरशीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. त्याच दिवशी ती फरशी उखडली गेली, कुलिकाचे पदही गेले. वैद्य मात्र जन्मभर लंगडत चालला.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, समोर बसलेल्या भिक्षूंना म्हणाला, "भिक्षूंनो, तेव्हाचा रोहक म्हणजे तुमच्यातलाच हा भिक्षू उत्तरक. तो वैद्य मी होतो. आणि कुलिक म्हणजे आजाऱ्यांच्या जखमा धुणारा आपला सोमक."

सारे सोमकाकडे पाहू लागले.

"मारणाऱ्याविषयीही मनात वैर न ठेवणे," शास्ता म्हणाला, "हीच मैत्रीपारमिता, मैत्रीची परिपूर्णता."