एकटीचा नकार

"मग तू नाही म्हणालीस?" नूरशा फकिरांनी विचारलं.

"म्हणाले, बाबा. तोंडावर."

हेमांगी तांडेल खाडीकाठच्या तकियात, बाबांच्या त्या मठीत, चटईवर बसली होती. कोळीवाड्यातली ही पोर शिकून दिल्लीत व्यापार खात्यात मोठी अधिकारी झाली होती. लहानपणापासून काही अडलं की ती बाबांकडे यायची. आज काही अडलेलं नव्हतं. आज ती सांगायला आली होती.

परदेशात शंभरावर देशांची बोलणी चालली होती. सरकारं मासेमारीला जी मदत देतात, ती थांबवायची असा करार व्हायचा होता. समुद्र उपसून नेणाऱ्या मोठ्या जहाजांना लगाम बसणार, हे बरंच होतं. पण त्याच फटक्यात लहान होड्यांचं डिझेल महागणार होतं. त्यात तिच्या वडिलांची होडीही आली. आणि ज्या देशांत अजून धड बंदर नाही, बर्फाचा कारखाना नाही, तिथले कोळी तर उभे राहण्याआधीच आडवे झाले असते.

"मोठ्या जहाजवाल्या देशांनी मला बाजूला घेतलं," ती म्हणाली. "म्हणाले, तुमच्या होड्यांना वीस वर्षं सूट देतो. फक्त बाकीच्या लहान देशांची बाजू सोडा."

"सोडली नाहीस."

"नाही. दिल्लीहून फोनवर फोन. बोलणी फिसकटली असती तर सगळं खापर माझ्याच डोक्यावर फुटलं असतं. अन्न गोड लागेना. पण झाला करार. सगळ्या लहान होड्यांना सारखी सूट. बारा वर्षं." तिनं मान ताठ केली. "मी अडून बसले म्हणून ते सगळे तरले, बाबा."

बाबा तांदूळ निवडत होते. निवडतच राहिले...

"तुझ्या शेजारी कोण बसायचं?"

"तोमासी. एका बेटावरचा. इवलासा देश त्याचा. बिचारा एकटाच आलेला. फारसा बोलायचाही नाही."

"त्याला काय देऊ केलं होतं?"

"त्याला? त्याला कोण काय देणार?"

बाबांनी सूप खाली ठेवलं. चटईवर पडलेला तिचा मोबाईल एका बोटानं तिच्याकडे सरकवला.

मग तिनं फोन लावला.

तोमासी घरी पोचला होता. मागे कोंबड्यांचा कलकलाट चालला होता. तिनं विचारलं, तुला काय देऊ केलं होतं?

"आले होते की," तो म्हणाला. "तुझ्याकडे यायच्या आधी. म्हणाले, भारताची साथ सोडा, तुम्हाला बंदर बांधून देतो."

"मग?"

"नाही म्हणालो."

"मला कधी बोलला नाहीस."

"तू आधीच काळजीनं अर्धी झाली होतीस. त्यात आणखी..." तो हसला. "तू तरी कुठं बोललीस?"

हेमांगीनं फोन ठेवला. खाडीत ओहोटी लागली होती.

"बंदर सोडलं त्यानं, बाबा... आणि मी त्याला बिचारा म्हणत होते."



मग तिला हसू आलं. हसता हसता डोळे भरून आले. इतके दिवस ताठलेली मान आपसूक सैल झाली. पाठ मागच्या भिंतीला टेकली. एक मोठा श्वास आत आला आणि सुखानं बाहेर गेला. त्या बोलण्यांत ती कधीच एकटी नव्हती.

बाबा उठले. चुलीवरचा चहा त्यांनी दोन पेल्यांत ओतला.

"घे," ते म्हणाले. "बस आता जरा."

"मी केव्हाची बसलेय, बाबा."

"नाही, पोरी..." बाबांनी पेला तिच्या हातात दिला. "आत्ता बसलीस."