काजळपहाडाचा मायखांब

फार म्हणजे फारच वर्षांपूर्वीची, काजळपहाडाच्या पोटात अजून चांदी होती तेव्हाची ही गोष्ट. असं म्हणतात, की या पहाडाला तरुणपणी मोठा ताप आला होता. तापानं त्याच्या अंगाला भेगा पडल्या, भेगांतून खालचं कढत पाणी वर चढलं, आणि ते निवलं तेव्हा पांढऱ्या गारगोटीत काळा, जड, चकाकता दगड गोठून राहिला. तो दगड भट्टीत घातला की शिसं निघे. ते शिसं हाडांच्या राखेच्या वाटीत पुन्हा तापवलं की राख शिसं पिऊन टाकी आणि तळाशी चांदीचा एवढासा मणी उरे. पायथ्याच्या रुपझरी गावाचं पोट त्या मण्यावर चाले.

त्या गावात डोमा नावाचा खाणकरी होता. खाणीचं छत तोलायला लाकडी टेकू लावायचे, हे त्याचं काम. त्याच्या पायाला भिंगरी होती. भरल्या ताटावरून उठायचा, लग्नाच्या पंगतीतून उठून मांडवाच्या मेढी ठोकून बघायचा. हा चितेवरही पाय हलवील, असं लोक म्हणायचे आणि पोट धरून हसायचे. त्याच्या बायकोला, सेवंताला, मात्र हसू येत नसे. त्याच्या येरझाऱ्यांनी तिचाही जीव थाऱ्यावर राहत नसे.

एकदा वैतागून ती म्हणाली, "बसा ना जी घडीभर. तुमच्यानं मलेही बसवत नाई."

डोमा ओशाळून बसला. ती पाणी घेऊन आली तोवर हा पुन्हा दारात!

खाणीच्या मधोमध एक खांब होता. तो कुणी बांधलेला नव्हता. जुन्या लोकांनी चहूबाजूंनी खोदताना पहाड तोलायला तेवढा दगड शहाणपणानं सोडला होता. त्याला मायखांब म्हणत. आत जाताना प्रत्येक जण त्याला डोकं टेकवी आणि दर अवसेला त्याच्यावर शेंदूर चढे. तो शेंदूर सेवंता करी, भट्टीवर शिसं भाजून आणि तेलात कालवून. खाणीत बायकांना मज्जाव होता, पण आपल्या हातचा शेंदूर आत जातो याचा तिला केवढा अभिमान.

पण चांदी काही जन्माला पुरत नाही. लांबच्या शिरा सरल्या तशी माणसं मायखांबाकडे सरकू लागली. दगड फोडायची त्यांची रीत अशी, की दगडाशी लाकडं पेटवायची आणि तो तापून लाल झाला की त्यावर गार पाणी मारायचं, म्हणजे तो तडकतो. ही आग मायखांबाच्या जवळ आली आणि डोमाची झोपच उडाली. तो येता-जाता खांबाला हातोडी लावून कान देई. पूर्वी खणखणीत वाजणारी माय आता बद्द वाजत होती. खाणीचा नाईक पैकू हा सेवंताचा पाठचा भाऊ. डोमानं त्याला सांगितलं, की खांब तडकला असावा, शेंदूर खरवडून बघू. पैकू भडकला. आईचं लुगडं फेडायला सांगतोस काय, म्हणाला, आणि त्यानं डोमाला खाणीची वाट बंद केली. गावानंही माना डोलावल्या. माना डोलवायला काय लागतं?

डोमा भट्टीपाशी आला आणि त्यानं बायकोला एकच विचारलं, की शेंदराचा थर आता केवढा झाला असेल. सेवंता आठवू लागली. तिच्या आधी सासू शेंदूर करायची, सासूच्या आधी तिची सासू. वीतभर तरी असेल, असं ती म्हणाली आणि तिथंच थबकली. वीतभर शेंदराखालचा दगड पाहिलेलं एकही जिवंत माणूस गावात नव्हतं. तिनं आपले लालभडक हात पाहिले. मायची जखम आपणच आपल्या हातानं लिंपत आलो, असं तिला वाटलं. तिनं भट्टी खरवडायचं लोखंडी उलथणं उचललं आणि नवऱ्याच्या हाती दिलं.

"जा," ती म्हणाली. "पण माह्या भावाले घेऊनच भायेर या."

डोमा धावत आत गेला. कुणी अडवायच्या आत त्यानं उलथणं घातलं आणि शेंदराची खपली धाडकन खाली आली. आत माणसाचा पंजा जाईल एवढी भेग होती. डोमानंच माय फोडली, असा ओरडा झाला. पैकूनं भेगेत हात घातला, आणि भेग त्याच्या हाताखाली हलली.

मग जे झालं ते पाहणारे भीतीनं अर्धमेले होते, म्हणून ते सांगतात तसंच ऐकून घ्या. डोमानं मायखांबाला पाठ लावली, दोन्ही हात छताला टेकले आणि सगळ्यांना जायला सांगितलं. असं म्हणतात, की त्याचे पाय गुडघ्यापर्यंत दगडात रुतले आणि उतरत आलेलं छत त्याच्या तळहातांवर थांबलं. शेवटचा माणूस बाहेर पडेतो ते तसंच थांबलं होतं. शेवटचा माणूस पैकू होता. त्यानं उंबरा ओलांडला आणि त्याच्यामागे पहाड बसला.

पैकूला बहिणीकडे बघवेना. "बाई, भाऊजी आत उभे हायेत," तो म्हणाला. "जरासेही हालले नाईत."

जन्मात कधी एका जागी न थांबलेला माणूस थांबला, तो असा. बायकांनी सेवंताला धरून बसवायला पाहिलं. ती बसेना. ते उभे असताना मी कशी बसू, असं म्हणत ती दिवस बुडेपर्यंत खाणीच्या बुजलेल्या तोंडाशी येरझाऱ्या घालत राहिली, आणि तिच्यासाठी अख्खं गाव उभं राहिलं.

चांदी गेली, भट्ट्या विझल्या. रुपझरीत आता धान पिकतं. पण वर्षातून एका अवसेला गाव अजून देवाचा शेंदूर खरवडतं, खालचा दगड हातानं चाचपून बघतं आणि मगच नवा शेंदूर लावतं. त्या दिवशी कुणी बसत नाही. माणसं उभ्यानं भाकर खातात, आया उभ्यानं लेकरं पाजतात, म्हातारे मेढीला टेकून राहतात. दिवस बुडाला की गावातली सगळ्यात वयस्क बाई पहाडाकडे तोंड करते आणि म्हणते, "बसा जी आता घडीभर."

मग गाव बसतं.