खडकावरची सोळा घरं

त्या मुलुखात माकडांचं राज्य होतं आणि त्या वर्षी राज्यात खाज आली होती. ती एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाते, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाकडून कुणाकडे जाते, ते मात्र फक्त म्हाताऱ्यांच्या मंडळाला ठाऊक होतं. निदान मंडळाचं तसं म्हणणं होतं. दोष लहानग्यांचा, असं ठरवून मंडळाने फर्मान काढलं: पिकल्या केसांच्या कुणीही लहानग्यांना मांडीवर घ्यायचं नाही.

त्या फर्मानाने सारजाची मांडी रिकामी झाली. सारजा म्हातारी होती, पण मंडळात नव्हती. ती खडकावर गेरूने चित्रं काढायची आणि तिची नात ठमी दिवसभर तिच्या मांडीत लोळायची. आता ठमी पलीकडच्या फांदीवरून हाका मारी आणि सारजा ऐकू न आल्याचं सोंग करी. सोंग तिला मुळीच जमत नसे.

फर्मानाला पुरावा हवा म्हणून मंडळाचे प्रमुख दाजिबा यांनी नेमकं सारजालाच बोलावलं.

"कोणत्या वयाचं कोणत्या वयाला किती भेटतं, ते लांबून दिसेल असं रंगव," ते म्हणाले. "आणि भेट झाल्याशिवाय ठिपका द्यायचा नाही. मंडळाने रंगवून घेतलं, असं कुणी म्हणायला नको."

सारजाने खडकावर सोळा घरं आखली. उभ्या बाजूला लहानगी, उनाड, कर्ती आणि पिकली अशी चार वयं; आडव्या बाजूलाही तीच चार. मग आठ दिवस ती टक लावून बसली. दोघं अंगाला अंग लावून बसली की त्यांच्या वयांच्या घरात ठिपका पडे. जिथे भेटी जास्त, तिथे ठिपके एकमेकांत मिसळून घर लाल होत गेलं.

नवव्या दिवशी मंडळ पाहायला आलं. उनाडांचं उनाडांशी जिथे जुळत होतं ते घर चांगलंच तांबडं होतं. कर्त्या आया आणि लहानगी यांचंही. पण सगळ्यांत गडद, जवळजवळ काळपट झालेलं घर होतं पिकल्यांचं पिकल्यांशी. खाजेवर विचार करायला मंडळ सकाळ-संध्याकाळ एकाच फांदीवर दाटीवाटीने बसत होतं ना! पिकली आणि लहानगी यांची कोपऱ्यातली दोन घरं मात्र कोरी होती.

"हे चुकलंय," दाजिबा काख खाजवत म्हणाले. "लाल हवीत ती ही कोपऱ्यातली. आत्ताच्या आत्ता लाल कर."

"करते की," सारजा नम्रपणे म्हणाली. "पण भेट झाल्याशिवाय ठिपका नाही, असं आपणच सांगितलंत."

मंडळात कुजबुज झाली. मंडळाने आजवर आपला एकही नियम मागे घेतला नव्हता.

"मग भेटी घडवून आण!" दाजिबा खेकसले. "हव्या तेवढ्या!"

सारजाने हातसुद्धा धुतले नाहीत. ती तडक पलीकडच्या फांदीवर गेली आणि ठमी तिच्या गळ्यात पडली. बातमी पसरली तशा मुलुखातल्या बाकीच्या आज्याही सरकारी कामाला निघाल्या. दुपारपर्यंत त्या फांदीवरच्या एकेका पिल्लाच्या पाठीवर गेरूची पाच-पाच बोटं उमटली होती, आणि कुणीही खाजवत नव्हतं.

खाली खडकाशी मंडळ त्या काळपट घरावर डोकी जुळवून बसलं होतं, इतकं खेटून, की कुणाचा हात कुणाची पाठ खाजवतोय हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.