डोंगराची घोंगडी

एकदा काय झालं, एका म्हाताऱ्यानं माती खाल्ली. बिरूआजा त्याचं नाव. घोंगड्या विणायचा. मोठी माणसं चुकत नाहीत असं कुणी सांगितलं ना, तर खुशाल हसा, बरं का.

गावामागं एक उघडाबोडका डोंगर होता. थंडीत तो कुडकुडला की दगड सुटायचे, घरांवर यायचे. शेवटी डोंगरच बोलला, "बिरू, मला एक घोंगडी दे रे, म्हणजे गप निजेन." आजा म्हणाला, "दिली!" शब्द द्यायला काय जातं?

मग आजानं ताणा लावला. गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभे धागे. त्यांना चिंचोक्याची खळ लावली, विणायला बसला. मग गावात भांडण झालं, आजा पंच झाला. मग जत्रा आली, आजा मानकरी झाला. मग राजाचा शिपाई आला, "शंभर घोंगड्या पाहिजेत, लगेच." विणकराच्या घरात लावलेला ताणा कधी तोडत नाहीत. आजानं कात्री घेतली, तोडला.

त्या हिवाळ्यात डोंगर असा कुडकुडला, की धोंडा आजाच्याच घरावर आला. सोळा मेंढरं चेंगरली.

नात लगमा नऊ वर्षांची. तिनं कात्री विहिरीत फेकली आणि नवा ताणा लावला. जेवढं विणून होई, तेवढं डोंगर हळूहळू अंगावर ओढून घेऊ लागला.

सात वर्षांत त्याचे पाय झाकले. मग मावशी आली, "लगमे, लग्नाचं वय झालं गं."

"करते. नवऱ्याला म्हणावं, लोकर पिंजायला ये."

आला बिचारा. पिंजत बसला.

आणखी सात वर्षांत पोट झाकलं. मग पंच आले, "पोरी, डोंगराला कुठं झोप लागते होय?"

"तुम्हाला पंचायतीत लागते ना?"

आणखी सात वर्षं गेली. खांदे तेवढे राहिले. मग आजा आला.

"दमलीस लगमे. सरक, थोडं मी विणतो."

"तुम्ही विणाल आणि मधेच जत्रेला जाल. तुम्हाला सगळंच करायचं होतं, आजा. मला एवढंच करायचंय."

ती सरकली नाही. पाठ मोडली, बोटं सोलली, पण विणलं. पुरं विणलं.

मग डोंगरानं घोंगडी गळ्यापर्यंत घेतली, मोठी जांभई दिली आणि घोरू लागला. एक खडा हलला नाही. गाव सुखानं निजलं. तुम्हीपण मिटा आता डोळे.

बिरूआजाच्या हातात मात्र परत कुणी विणायचा धोटा दिला नाही. मरेपर्यंत नाही.