सुरमईची परात

लग्नानंतर दोन महिन्यांनी हेमांगी आपल्या रेवती या मैत्रिणीबरोबर दोन दिवस मालवणला आली होती. सुरमईच्या थाळीसाठी दोघी बाबलशेटच्या खानावळीत तासभर ताटकळल्या. परातीतली तळलेली सुरमई संपत आली, तरी शेट मागून आलेल्या पुरुषांनाच आधी टेबलं देत होता.

रेवती भडकली. "अहो शेट, नंबर आमचा आहे!"

"ताई, बायकांनी जरा दमानं घ्यावं," शेट ऐटीत म्हणाला. "आमच्याकडे अगदी घरच्यासारखं जेवण मिळतं. कुणालाही विचारा!"

हेमांगी ओढणी खोचत उठली.

"विचारायचं कशाला? दिसतंच आहे. घरीसुद्धा पुरुष उठल्यावरच आम्ही बसतो आणि आमच्या वाट्याला नुसता रस्सा येतो. फक्त एक राहिलं शेट. घरी वाढायलाही आम्हीच असतो. कुणाला किती तुकडे, ते आम्ही ठरवतो. द्या ती परात!"

ताटकळलेल्या बायका खो खो हसल्या. दोघीतिघी तर ओढण्या खोचून पुढेही सरसावल्या. शेटने घाईघाईने परात छातीशी धरली. "अरे, ते खिडकीजवळचं टेबल पुसा! आधी या ताईंना वाढा!"

लग्नानंतर पहिल्यांदाच हेमांगी पहिल्या पंगतीला बसली. सुरमई चक्क गरम होती.