चोख की हिणकस?

दोन संस्थानांच्या सीमेवर एक पेठ होती. ओढ्याच्या अलीकडे एक नाणं चाले, पलीकडे दुसरं. पलीकडच्या बाजारात झिमाबाई धनगरणीनं एक देखणा मेंढा हेरला. किंमत अडतीस रुपये, पण पलीकडच्या नाण्यांत! शिवाय दुसरं गिऱ्हाईक टपलेलं. ती धावतच नागोशेठ सराफाच्या दुकानी आली आणि बदलून घ्यायला आपले इकडचे चाळीस रुपये त्याच्यापुढे ओतले.

शेठनं नाक मुरडलं. "हिणकस चांदी! चाळीसचे तीस मिळतील."

झिमाबाई नाणी परत गोळा करू लागली. तेवढ्यात पलीकडचा एक तेलाचा व्यापारी आला. त्याला इकडची चाळीस नाणी हवी होती.

शेठचा चेहरा खुलला. "चोख चांदी आहे, महाराज! चाळीसला पन्नास मोजा."

झिमाबाई ताडकन उठली. "पाव्हणं, ही घ्या चाळीस. मला तुमची चाळीसच द्या!"

व्यापाऱ्यानं हसत नाणी बदलली. बघ्यांची गर्दी जमली. शेठ खवळला. "माझ्याच दुकानात माझा धंदा बुडवतेस? चावडीवर खेचतो तुला!"

"चला की!" झिमाबाई पदर खोचत म्हणाली. "नाणी हिणकस असतील, तर तुमच्या गळ्यात पडणारा खोटा माल मी परस्पर घालवला. चोख असतील, तर माझे दहा रुपये का कापत होता, ते पंचांना सांगा. बोला शेठ, काय सांगायचं?"

गर्दी खदाखदा हसत होती, पण ते ऐकायला झिमाबाई थांबली कुठे? दुसऱ्या गिऱ्हाइकाचा हात कनवटीला जातोय, तोच तिनं अडतीस रुपये मेंढ्याच्या मालकाच्या ओंजळीत टाकले.